मदत हवी आहे: असांतत्य (फलनाचा आलेख एखाद्या बिंदूपाशी तुटणं) 'रिमूव्हेबल', म्हणजे काढून टाकता येण्याजोगं, नेमकं कधी?

नमस्कार मंडळी. भाची अकरावी सायन्सला. क्लास कॉलेज रोडला, पण शंका माझ्या डोक्यावर!

(क्ष² − ९)/(क्ष − ३) मध्ये ३ पाशी नुसतं छिद्र. तिथे ६ ठेवले की आलेख सांधला, म्हणजे रिमूव्हेबल. |क्ष − ३|/(क्ष − ३) मात्र गोदाघाटाची पायरी: डावीकडून −१, उजवीकडून १. एका ठिपक्याने काय जोडणार? इथवर ठीक.

मी सांगून बसलो, "वर-खाली सारखा अवयव कटला की रिमूव्हेबल." तिने लगेच (क्ष − ३)/(क्ष − ३)² पुढे केलं. कटतो, तरी १/(क्ष − ३) उरतंच, आणि ते ३ जवळ अमर्याद पळतं! उलट (साइन क्ष)/क्ष मध्ये काहीच कटत नाही, तरी ० पाशी लिमिट (क्ष ० च्या जवळ नेताना किंमत जिकडे सरकते ती) १.

मग फक्त लिमिट अस्तित्वात आहे का, एवढंच बघायचं? आणि पहिल्याच उदाहरणात ३ ला किंमत १० दिली असेल, तर तेही रिमूव्हेबलच ना? कुणी सोपं करून सांगाल का? ती उद्या संध्याकाळी परत येतेय.