मदत हवी आहे: पोस्टग्रेस डेटाबेसच्या कॉन्फिग (सेटिंग्जच्या) फायली ईटीसी फोल्डरमध्ये ठेवायच्या की डेटासोबत?

मंडळी नमस्कार, फोंड्यातल्या एका सोसायटीचा पोस्टग्रेस १६ चा सर्व्हर मी बघतो. उबंटू आहे, त्यामुळे मेन कॉन्फ आणि पीजी_एचबीए (कोणाला कुठून जोडता येईल ती फाईल) दोन्ही /ईटीसी/पोस्टग्रेस्क्यूएल/१६/मेन मध्ये, डेटा /व्हार/लिब खाली. आता मडगावला स्टँडबाय (मुख्य म्हणजे प्रायमरी सर्व्हरची राखीव प्रत) म्हणून दुसरी उबंटू मशीन लावलीय (पावसात लाईट कधी जाईल नेम नाही), पीजी_बेसबॅकअपने (प्रायमरीच्या डेटा डिरेक्टरीची नक्कल करणारं टूल) डेटा आणला, पण स्टँडबाय उठेचना. लॉगमध्ये बघतो तर मॅक्स_कनेक्शन्स (एकावेळी किती जोडण्या चालतील) मडगावला १०० आणि फोंड्याला ३००, स्टँडबायला प्रायमरीपेक्षा कमी चालत नाही. डेटा डिरेक्टरीच्या बाहेर म्हणून कॉन्फिग आलीच नव्हती. आकडा वाढवला, सुरू झालं, ते जाऊ दे.

आता आमचा नेटवर्कवाला, जो रॉकी लिनक्सवर काम केलेला, म्हणतो सगळं डेटा डिरेक्टरीत टाक, नवा डेटाबेस उभा करणारं इनिटडीबी या फायली मुळात तिथंच बनवतं, बॅकअपमध्येही आपोआप येईल. खरंय त्याचं. पण मडगावच्या मशीनला रॅम अर्धी, मग फोंड्याचे शेअर्ड_बफर्स (पोस्टग्रेससाठी राखलेली मेमरी) तिथं घेऊन काय करू? शिवाय ईटीसी माझी गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणारं टूल) आहे, आणि डेटा डिरेक्टरीची परमिशन ७०० (फक्त मालक युजरलाच प्रवेश), एक ओळ वाचायची तरी सुडो (अ‍ॅडमिन हक्क) लागतो. त्यात कोणीतरी मधे अल्टर सिस्टम (सेटिंग बदलायची एसक्यूएल कमांड) चालवलंय, ते डेटातल्या ऑटो.कॉन्फमध्ये जातं आणि माझ्या फाईलवर मात करतं, मी बदलतोय आणि काहीच होत नाही! तुम्ही लोक काय करता?

प्रतिसाद: दादा, हलवू नका. उबंटूची पीजी_एलएसक्लस्टर्सवाली टूल्स ईटीसीतच शोधतात, उगाच भांडण. ईटीसीतल्याच कॉन्फ.डी फोल्डरमध्ये एक कॉमन फाईल करा, मॅक्स_कनेक्शन्स वगैरे त्यात, दोन्हीकडे गिटमधून. मेमरीचं मशीनप्रमाणे वेगळ्या फाईलीत. कुठली व्हॅल्यू कुठून येते ते पीजी_सेटिंग्ज या व्ह्यूच्या सोर्सफाईल कॉलममध्ये दिसतं, तिथून ऑटो.कॉन्फवाल्या उचला आणि अल्टर सिस्टम रीसेट करा. पुढे १७ वर गेलात की अलाऊ_अल्टर_सिस्टम ऑफ करा (मग ती कमांडच चालत नाही), कटकट संपली.

धागाकर्ता: बरं. एचबीए पण सारखीच ठेवू? आणि अल्टर सिस्टम रीसेट ऑल (ऑटो.कॉन्फमधलं सगळं एकदम काढणं) दोन्हीकडे मारू?

प्रतिसाद: एचबीए सारखीच, उद्या मडगाव प्रायमरी झालं की सगळे क्लायंट तिथंच येणार. पण रीसेट ऑल मडगावला अजिबात नको रे! बेसबॅकअप -आर (स्टँडबायची सेटिंग आपोआप लिहिणारा पर्याय) लावून घेतला असशील तर प्रायमरी_कॉनइन्फो (प्रायमरीला कसं जोडायचं ती माहिती) त्याच ऑटो.कॉन्फमध्ये आहे, तो उडाला तर रेप्लिकेशन (प्रायमरीकडून सतत येणारे बदल) तुटेल. तिथं एकेक नाव घेऊन रीसेट कर.