स्काउट शिबिराचा पहिला मुक्काम : सामानाची आणि मनाची तयारी

ए-२०४ :
सर्वांना नमस्कार. आपल्या सोसायटीतली काही मुले या उन्हाळ्यात स्काउट पथकाबरोबर पहिल्यांदाच मुक्कामी शिबिराला जात आहेत आणि त्यांत माझा दहा वर्षांचा मुलगाही आहे. पथकाकडून सामानाची यादी आली आहे, परंतु तीत फक्त वस्तूंची नावे आहेत. कोणती वस्तू कशी निवडावी, आणि आजवर घराबाहेर एकटा न झोपलेल्या मुलाची मनाची तयारी कशी करून घ्यावी, हे त्यातून समजत नाही. सी विंगमधल्या काकांनी बरीच वर्षे पथक चालवले आहे. त्यांनी आणि इतर अनुभवी पालकांनी इथे सविस्तर लिहावे, म्हणजे सगळ्यांनाच उपयोग होईल.

सी-१०१ :
ताई, इथे विचारलेत हे फार चांगले केलेत. माझे म्हणणे आधी एका वाक्यात सांगतो आणि मग तपशिलात जातो : सॅक मुलानेच भरली पाहिजे, आणि तीही शिबिराच्या आदल्या रात्री नव्हे, तर निदान आठवडाभर आधी.

आपण प्रेमापोटी रात्री जागून सगळे नीट घड्या घालून भरून देतो. त्याचा परिणाम असा होतो, की तंबूत दिवे मालवल्यावर मुलाला लघवीसाठी उठायचे असते, टॉर्च सॅकमध्ये असतोही, पण तो नेमका कोणत्या कप्प्यात आहे हे फक्त आईला ठाऊक असते. मग तो अंधारात सगळी सॅक पालथी घालतो, शेजारी झोपलेली मुले जागी होतात, आणि शेवटी कोणाला उठवायचा संकोच वाटून तसाच पडून राहतो. पथकात असताना असा प्रसंग मी वारंवार पाहिला आहे. ज्या मुलाने स्वतःच्या हाताने टॉर्च वरच्या खिशात ठेवलेला असतो, तो डोळे न उघडताही त्याची चेन ओढतो. म्हणून घरी खोलीतले दिवे बंद करा आणि त्याला टॉर्च, पाण्याची बाटली, कोरडे मोजे आणि रेनकोट अंधारात शोधायला सांगा. मुलांना हा खेळ वाटतो आणि सराव आपोआप होतो. प्रवासात बटण दाबले जाऊन टॉर्च पेटत राहू नये म्हणून त्यातला एक सेल उलटा बसवून न्यावा, आणि जादा सेल वेगळ्या पिशवीत ठेवावेत.

आता अंथरुणाविषयी. बहुतेक पालक पांघरूण जाड घेतात आणि खालच्या चटईकडे दुर्लक्ष करतात. झोपल्यावर अंगाखालचे अंथरूण शरीराच्या वजनाने दबते, त्यातली हवा निघून जाते आणि मग ते ऊब धरत नाही. अंगातली उष्णता थेट जमिनीत जाते. दिवसा कडक ऊन असले, तरी मोकळ्या माळावर पहाटे चांगलाच गारवा असतो. म्हणून फोमची चटई हवीच. झोपताना घालायचा कपड्यांचा एक कोरडा जोड वेगळा ठेवावा आणि तो दिवसा मुळीच वापरू नये, कारण दिवसभराच्या घामाने ओलसर झालेले सुती कपडे लवकर वाळत नाहीत आणि रात्री त्यांतच थंडी वाजते.

बूट नवे घेऊ नयेत. घ्यावेच लागले, तर आजपासून रोज घरात आणि खाली मैदानात घालून ते पायात बसू द्यावेत. शिबिरात मुलांना चालण्याचा खरा त्रास होतो तो टाचेला आलेल्या फोडांमुळे.

बी-५०१ :
काका, आपला मुद्दा पटला. पण माझी मुलगी अत्यंत विसराळू आहे. तिच्यावर सोडले, तर निम्म्या वस्तू घरीच राहतील अशी मला मनापासून भीती वाटते. मुलांना जबाबदारी शिकवण्याच्या नादात तिला तिथे पावसात रेनकोटशिवाय उभे राहावे लागू नये.

सी-१०१ :
आपली काळजी रास्त आहे. मूल सॅक भरणार म्हणजे आपण दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचे, असे मी म्हणत नाही. तिने यादीतली एकेक वस्तू वाचावी, ती जमिनीवर मांडावी, आपल्याला दाखवावी आणि मग सॅकमध्ये ठेवावी. आपण शेजारी बसून फक्त प्रश्न विचारावेत : मोजे भिजले तर काय करशील, तंबूत पाणी शिरले तर कपडे कुठे राहतील? उत्तर शोधताना राहिलेली वस्तू तिलाच आठवते, आणि तिने स्वतः आठवून ठेवलेली वस्तू ती तिथे वापरतेही. आपण गुपचूप सरकवलेली वस्तू बहुधा तशीच घडी न मोडता परत येते. कपड्यांचे रोजचे जोड वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधावेत, आणि प्रत्येक वस्तूवर न पुसली जाणारी शाई वापरून नाव घालावे, कारण एकाच तंबूतल्या सगळ्या बाटल्या आणि टोप्या सारख्याच दिसतात.

स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन पॉवेल यांचे पहिले शिबिर कसे झाले, हेही इथे सांगण्यासारखे आहे. १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर सुमारे वीस मुलांना घेऊन बेडन पॉवेल यांनी ते भरवले. मुले वेगवेगळ्या सामाजिक थरांतली होती. त्यांचे चार संघ पाडले होते, आणि प्रत्येक संघाची जबाबदारी मुलांपैकीच एकावर, म्हणजे संघनायकावर, होती. स्काउटिंगची सगळी रचना मुलांवर टाकलेल्या या विश्वासावर उभी आहे. आपली मुले तिथे गेली की स्वतःच्या संघाचा तंबू स्वतः उभारतील, पाणी भरतील, भांडी घासतील. त्याची सुरुवात घरी सॅकपासून व्हावी, एवढेच माझे सांगणे आहे.

डी-३०३ :
मी बालरोगतज्ज्ञ म्हणून काही गोष्टी जोडते. सॅकचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा ते वीस टक्क्यांच्या आत असावे. तीस किलोच्या मुलाने सहा किलोंहून अधिक भार पाठीवर घेऊन लांब चालू नये.

आरोग्याचा अर्ज लपवाछपवी न करता भरावा. दमा, फिट्स, कशाचीही अ‍ॅलर्जी, अलीकडची शस्त्रक्रिया, धनुर्वाताच्या लशीची तारीख हे सगळे त्यात असायलाच हवे. औषधे सुटी काढून डबीत भरू नयेत. मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, स्काउट मास्तरांच्या हाती द्यावीत. मात्र दम्याचा इनहेलर मुलाच्या स्वतःच्या खिशातच हवा, कारण धाप लागल्यावर तो आणायला दूरच्या तंबूपर्यंत धावणे परवडत नाही.

उन्हाळी शिबिरात मला सर्वाधिक चिंता वाटते ती उष्णतेची. खेळात रमलेल्या मुलाला तहानेचे भान राहत नाही, म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता ठरावीक वेळाने पाणी प्यायची सवय आतापासून लावा. लघवी गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडते आहे, एवढी खूण मुलाला सांगून ठेवा. डोके दुखणे, मळमळ किंवा चक्कर जाणवली, तर खेळ थांबवून लगेच सावलीत जायचे आणि मोठ्यांना सांगायचे. यात कमीपणा नाही, हे त्याच्या मनावर ठसले पाहिजे. सनस्क्रीन आणि डासांचे मलम दोन्ही लावायचे असेल, तर आधी सनस्क्रीन लावावे. गोचीड चिकटली, तर तेल ओतू नये किंवा चटका देऊ नये. चिमट्याने तिला त्वचेच्या अगदी जवळ धरून सरळ वर ओढून काढावे.

एक नाजूक विषयही लिहिते. दहा वर्षांच्या वयातही शंभरांतल्या सुमारे पाच मुलांचे रात्री अंथरूण ओले होते. हा आजारही नव्हे आणि मुलाचा दोषही नव्हे. या एका कारणासाठी मुलाला शिबिराला पाठवायचे टाळू नका. स्काउट मास्तरांशी खासगीत बोला, झोपण्यापूर्वी लघवीला जाण्याची आठवण त्यांनी हळूच करावी असे सांगा, आणि कपड्यांचा एक जादा जोड व पिशवी कुठे आहे हे मुलाला दाखवून ठेवा.

ए-४०२ :
डॉक्टर, आभारी आहे. माझा प्रश्न मोबाइलचा आहे. पथकाने फोन आणू नये असे कळवले आहे. माझा मुलगा घराची आठवण आली की रडवेला होतो. 'तुला करमले नाही तर मी लगेच न्यायला येईन' असे मी त्याला सांगून ठेवले, तर तो निश्चिंतपणे जाईल असे मला वाटते.

डी-३०३ :
वहिनी, कृपा करून असे वचन देऊ नका. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २००७ मध्ये घराच्या ओढीविषयी डॉक्टरांसाठी मार्गदर्शन प्रसिद्ध केले आणि त्यात नेमका याच वचनाविरुद्ध सल्ला दिला आहे. त्या वाक्यातून मुलाला ऐकू येते ते इतकेच, की तू राहू शकशील असे आईलाच वाटत नाही. मग पहिली हुरहुर वाटताच तो मन रमवायचा प्रयत्न सोडून न्यायला येण्याची वाट पाहू लागतो. त्याऐवजी असे सांगा : आठवण येईल, ती सगळ्यांनाच येते, आणि ती आली की संघनायकाला सांग, मित्राशी बोल, घरी पत्र लिही. सर्वांत उपयोगी पडतो तो सराव. शिबिराआधी एक-दोन रात्री त्याला मावशीकडे किंवा मित्राकडे आपल्याशिवाय राहू द्या.

सी-१०१ :
फोनविषयी माझे मत पथकासारखेच आहे. रात्री आईचा आवाज ऐकला, की जे मूल शांत झाले होते ते पुन्हा रडू लागते. तातडीच्या प्रसंगी पालकांना कळवण्याची जबाबदारी मास्तरांची आहे, आणि त्यांचा क्रमांक आपल्याकडे लेखी असलाच पाहिजे.

बी-२०२ :
मुलांच्या तयारीबरोबर आपण पथकालाही काही प्रश्न विचारायला हवेत, असे मला ठामपणे वाटते. रात्री किमान दोन प्रौढ जबाबदार व्यक्ती हजर असतील का? कोणताही प्रौढ एकट्या मुलाबरोबर इतरांच्या नजरेआड राहणार नाही, हा नियम पाळला जातो का? मोठ्यांचे तंबू वेगळे आहेत का? पाण्यात उतरताना जोड्या ठरवतात का आणि त्यांची मोजदाद कोण करते? जवळचे रुग्णालय किती अंतरावर आहे आणि तिथे न्यायला वाहन रात्रभर उभे असेल का? यात अविश्वास दाखवण्याचा प्रश्नच येत नाही. चांगल्या पथकाकडे ही उत्तरे तयार असतात आणि ते ती आनंदाने देतात. उद्या संध्याकाळपर्यंत आणखी कोणाचे प्रश्न असतील, तर मला पाठवा. मी ते एकत्र करून लेखी कळवते.

सी-१०१ :
अगदी योग्य. त्यात विजेविषयीही विचारा. मेघगर्जना ऐकू आली, की तंबू सोडून पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जायचे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचे नाही. तंबू विजेपासून मुळीच संरक्षण देत नाही, त्यामुळे असा पक्का निवारा जवळ कुठे आहे, हे त्यांनी आधी पाहून ठेवलेले असावे.

सचिव :
चर्चा वाचून एक सुचवतो. येत्या शनिवारी शिबिराला जाणाऱ्या मुलांनी आपापल्या भरलेल्या सॅकसह सोसायटीच्या मैदानात एक रात्र झोपावे. काका आणि बी-२०२ च्या ताई रात्रभर तिथे थांबायला तयार आहेत. मुख्य दाराचे फाटक नेहमीप्रमाणे बंद राहील, आणि गडगडाट सुरू झाल्यास सर्वांनी सभागृहात यावे. मुलांना त्या रात्री घरातून काही आणून देऊ नये, अशी पालकांना विनंती आहे.

ए-२०४ :
आम्ही येत आहोत. मुलाने आजच चटई गुंडाळून पाहिली. ती सॅकच्या बाहेर बांधायची असेल, तर त्यासाठी कोणती गाठ शिकवावी?

सी-१०१ :
ताई, त्याला शनिवारी अर्धा तास आधी दोरी घेऊन माझ्याकडे पाठवा. रीफ नॉट आणि क्लोव्ह हिच या दोन गाठी त्याला हातात दोरी धरूनच शिकवतो. चटई बांधायला पहिली पुरते आणि तंबूची दोरी खांबाला बांधायला दुसरी लागेल.