विषय: पहाटेपासून उलट्या. एरंडेल देऊ का?

सकाळी ६.१० | नमूताई, राजेंद्रनगर
डॉक्टरकाका, जागे आहात का? धाकटा साडेतीनला पोट धरून उठला. तीनदा उलटी झाली, ताप-जुलाब नाहीत. काल रात्री सगळी मुलं सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत गराडू (तळलेला कंद) खाऊन आली. सासूबाई एरंडेल घेऊन उभ्या आहेत. हे भोपाळला गेलेत, गाडीही तिकडेच.

६.१८ | दादा, लोकमान्यनगर
गराडूचं काही नाही, ताई. काल मीच नेलं होतं सगळ्यांना. ताजं तळलेलं, वर लिंबू आणि जीरावण मसाला. बाकी नऊ जण ठणठणीत आहेत.

६.२२ | काकू
दादा, रात्री अकराला तळलेलं सोसतं का सगळ्यांना? नमू, ओवा चावायला दे, पोट शेक.

६.३१ | डॉक्टरकाका
एरंडेल नको, शेकही नको. अपेंडिक्स असेल तर दोन्ही घातक. त्यात बहुधा आधी दुखतं, मग उलटी होते, आणि दुखणं बेंबीपासून उजवीकडे खाली सरकतं. खाण्यातलं असेल तर बहुतेकदा उलटी आधी, मागून जुलाब. तोंडाने काही देऊ नका.
आणि एक. झोपेतून अचानक उठला म्हणून विचारतो. त्याला एकट्याला गाठून कुणी पुरुषाने विचारा, अंडकोषात दुखतंय का, सूज आहे का. तिथे पीळ पडला की पोटात दुखतं, उलट्या होतात, आणि पंधरा वर्षांची मुलं लाजेने पोटच सांगतात. रक्तपुरवठा तुटलेला असतो. सहा तासांच्या आत सोडवला तर अंडकोष बहुधा वाचतो. दादा, तुम्ही जवळ आहात.

६.३४ | दादा
निघालो. गाडी घेऊनच येतो.

६.४० | वहिनी, सुदामानगर
साखरही तपासा! आमच्या लेकीला चौदाव्या वर्षी असंच झालं. आम्ही दोन दिवस ॲसिडिटी समजून बसलो. सारखी तहान, सारखी लघवी, वजन उतरलेलं, सगळं दिसत होतं. श्वास जोरात चालू लागला तेव्हा नेलं. मधुमेह निघाला, आयसीयूत चार दिवस. आजही जीव थरथरतो.

६.४४ | कार्यवाह
तब्येतीच्या चौकश्यांसाठी वेगळी मेल-यादी करायचं दिवाळीच्या बैठकीत ठरलं होतं. ती करा, ही मंडळाच्या कामांची आहे. ताई, पैसे लागले तर मदतनिधीतून लगेच देतो, फोन करा.

६.५२ | काकू
वहिनी, लेक आता इन्सुलिन स्वतः घेते ना? माझ्या नातीलाही हल्ली फार तहान लागते.

६.५५ | वहिनी
घेते. काकू, आजच तपासा, उद्यावर नको.

७.०२ | नमूताई
दादांनी विचारलं. रडायला लागला. डावीकडे, खाली, साडेतीनपासूनच. गाडीत आहोत.

७.०३ | डॉक्टरकाका
दारातच सांगा: पंधरा वर्षांचा, अंडकोषाला पीळ असू शकतो, साडेतीनपासून. सर्जनला बोलवायला लावा. पाणीसुद्धा नको, भूल द्यावी लागेल.

११.२० | नमूताई
सव्वाआठला आत घेतलं. पीळ सोडवला, रंग परत आला. पुन्हा होऊ नये म्हणून दोन्ही बाजू टाके घालून बसवल्या. झोपलाय. सासूबाई आल्यापासून त्याचा हात धरून बसल्यात. दादा, तुमची किल्ली माझ्याकडेच राहिली.
काका, ढोल पथकातल्या पोरांना हे तुम्ही सांगाल का? मला जमणार नाही.

११.२६ | डॉक्टरकाका
रविवारी सरावाआधी सांगतो. मुलींशी वहिनींनी बोलावं, अंडाशयालाही असाच पीळ पडतो.

११.३१ | वहिनी
येते. साडेचारला ना?