१२० विद्यार्थ्यांचे गटकाम ऑनलाइन: विकी, सामायिक दस्तऐवज की फोरम?

फळाखडू:

पदवीच्या दुसऱ्या वर्षाचा विषय. १२० विद्यार्थी, १५ आठवड्यांचे सत्र, शिकवायला एक जण आणि मदतीला एक साहाय्यक. विद्यापीठाचे मूडल (ऑनलाइन वर्ग चालवण्याची प्रणाली) आहे, पण त्याचा वापर नोट्स चढवणे आणि असाइनमेंट गोळा करणे यापुढे जात नाही. या सत्रात ३० गुण ऑनलाइन गटकामाला ठेवायचे आहेत. प्रश्न असे:

विकी (सगळ्यांना संपादता येणारी, एकमेकांना जोडलेली पाने) घ्यावी की गूगल डॉक्स किंवा ईथरपॅडसारखा सामायिक दस्तऐवज? दोन्हींत नेमका फरक कुठे पडतो?

गटात दोघे लिहितात आणि बाकीचे नाव लावतात. प्रत्येकाचे गुण वेगळे कसे काढावेत, तेही वाद न होता?

फोरमवर "किमान दोन प्रतिसाद लिहा" अशी अट घातली की "सहमत" आणि "छान मुद्दा" यांचा पाऊस पडतो. त्यावर काही उपाय?

तांत्रिक बाजूने आधीच काय तपासून ठेवावे? साधनांची जाहिरात नको, कुठे अडतं ते सांगा.

समासटिप्पण:

साधन सगळ्यात शेवटी ठरवा. आधी कामाची रचना.

५ जणांचा गट धरला तर २४ गट होतात. एका गटाचे काम नीट वाचायला २० मिनिटे लागतात असे मानले तर एक फेरी ८ तासांची. हेच वैयक्तिक असाइनमेंट असते तर ४० तास. गटकामात तुमचा वेळ वाचतो तो इथे. तो वाचलेला वेळ मधल्या टप्प्यांवर खर्च करायचा असतो. बहुतेक ठिकाणी तेच होत नाही आणि काम शेवटच्या दोन रात्रींत उरकले जाते.

विकी कधी? पाने एकमेकांना जोडली जाणार असतील तेव्हा. २४ गटांनी २४ विषयांवर लिहायचे, एकाच्या पानावरून दुसऱ्याच्या पानावर दुवा जायचा, आणि सत्राअखेर वर्गाचा एक संदर्भसंच तयार व्हायचा, तर विकीच. एकच सलग मजकूर (अहवाल, प्रस्ताव) लिहायचा असेल तर सामायिक दस्तऐवज बरा, कारण विकीत दोघे एकाच वेळी एकाच ठिकाणी लिहू शकत नाहीत. मूडलच्या विकीत एक जण लिहीत असताना तो भाग दुसऱ्यासाठी कुलूपबंद होतो. मीडियाविकीत (विकिपीडिया ज्यावर चालतो ते सॉफ्टवेअर) दोघेही लिहू शकतात, पण एकाच ओळीवर हात पडला की नंतर जतन करणाऱ्यापुढे संपादन-संघर्षाची खिडकी उघडते, आणि नवखा विद्यार्थी हमखास दुसऱ्याचे लेखन पुसून मोकळा होतो.

मूडलची विकी घेणार असाल तर तीन गोष्टी:

१. "सामूहिक" की "वैयक्तिक" हा प्रकार विकी तयार करतानाच ठरतो, नंतर बदलता येत नाही. आधी गट बनवा, मग विकी बनवा, आणि ग्रुप मोड "स्वतंत्र गट" ठेवा. गटांनी एकमेकांची पाने वाचायची असतील तर "दृश्य गट".

२. या विकीला स्वतःचे गुण नसतात. गुणांसाठी त्याच गटरचनेवर वेगळे असाइनमेंट उघडावे लागते. हे सत्राच्या मध्यात लक्षात आले की धावपळ होते.

३. वर्डमध्ये लिहून चिकटवायला मनाई करा. एकाने सगळ्यांचा मजकूर गोळा करून चिकटवला की इतिहासात त्या एकाचेच नाव दिसते.

कामाची विभागणी अशी करा की एकाचे काम दुसऱ्याशिवाय पुरे होणार नाही. प्रत्येकाचे एक उपपान (४००–५०० शब्द), त्यावर त्याचे नाव. मुख्य पान सगळ्यांचे, आणि त्यात पाचही उपपानांची तुलना हवी. तिसऱ्या आठवड्यात आराखडा, सहाव्यात उपपानांचा पहिला खर्डा. आठव्यात प्रत्येकाने दुसऱ्या एकाचे उपपान संपादित करायचे. अकराव्यात मुख्य पान, तेराव्यात कुलूप. आराखड्याला ३० पैकी किमान ४ गुण हवेतच. त्या टप्प्यावर गुण नसतील तर विद्यार्थी तो टप्पा वाचतसुद्धा नाहीत.

आता गुणांचे वाटप. शब्द किंवा संपादने मोजून गुण देऊ नका. २०० फालतू शब्द काढून टाकणारा गटातला सगळ्यात कामाचा माणूस असू शकतो, आणि मोजणीत तो उणे दिसतो. इतिहास वापरायचा तो तक्रार आली तर पुरावा म्हणून.

त्याऐवजी वेबपीए ही पद्धत वापरा. लफबरो विद्यापीठातून आलेली आहे आणि स्प्रेडशीटमध्येही जमते. प्रत्येक जण स्वतःसकट गटातल्या सगळ्यांना ठरलेल्या निकषांवर ० ते ५ गुण देतो. एकाने दिलेल्या प्रत्येक गुणाला त्याने वाटलेल्या एकूण गुणांनी भागायचे. म्हणजे सढळ हाताचा आणि कंजूष हाताचा, दोघांचे वजन सारखे होते. मग प्रत्येकाला मिळालेल्या अपूर्णांकांची बेरीज हा त्याचा गुणक. गटाची सरासरी आपोआप १ येते.

गटाला ३० पैकी २० गुण मिळाले आणि निम्मे गुण या गुणकावर ठेवले, तर १.२ गुणक असलेल्याला १० + १० × १.२ = २२ आणि ०.६ असलेल्याला १० + ६ = १६. सगळे २० च्या २० गुणकावर टाकू नका; नाराजीपोटी दिलेला एक शून्य माणसाला बुडवतो.

पाचपैकी एकाने फॉर्म भरलाच नाही तर बेरीज ५ ऐवजी ४ येते. सगळ्यांचे गुणक ५/४ ने गुणा.

सर्व्हरवाला:

तांत्रिक बाजू सांगतो.

बाहेरचे साधन मूडलला जोडायचे तर एलटीआय (अशा जोडणीचे ठरलेले मानक) १.३ वापरा, १.१ जुने झाले. जोडणी झाली तरी दोन ठिकाणी हमखास अडते. पहिले, साधन मूडलच्या पानाच्या आत उघडते आणि ब्राउझर तृतीय-पक्ष कुकी (दुसऱ्या साइटने लॉगिन लक्षात ठेवायला ठेवलेली नोंद) अडवतो. विद्यार्थ्याला कोरे पान दिसते किंवा लॉगिन पुन:पुन्हा मागितले जाते. त्यावर उपाय म्हणजे साधनाच्या सेटिंगमध्ये "नवीन खिडकीत उघडा". दुसरे, सर्व्हरचे घड्याळ मागेपुढे असेल तर टोकन (प्रवेशाचा तात्पुरता परवाना) "कालबाह्य" ठरते आणि कोणालाच आत जाता येत नाही. एनटीपी (घड्याळ आपोआप जुळवणारी सेवा) चालू आहे ना, ते आयटी विभागाला विचारा. त्याच सेटिंगमध्ये विद्यार्थ्यांचे नाव व ईमेल बाहेर पाठवायचे की नाही हेही ठरवता येते. गरज नसेल तर बंद ठेवा.

गूगल डॉक्सची मर्यादा एका फाइलवर एकाच वेळी १०० जणांची. १२० जणांचा वर्ग एका फाइलवर आणला तर उरलेल्यांना लिहिता येणार नाही. गटनिहाय फाइल करा आणि मालकी शिक्षकाच्या खात्याकडे ठेवा. विद्यार्थ्याच्या खात्यातली फाइल तो उत्तीर्ण होऊन खाते बंद झाले की तुमच्या हाताबाहेर जाते.

ईथरपॅडवर प्रत्येक लेखकाचा रंग वेगळा आणि काळाची पट्टी सरकवून लेखन कसे घडले ते पाहता येते, त्यामुळे तासातल्या १५ मिनिटांच्या कामाला उत्तम. पण पॅडचा दुवा हीच त्याची किल्ली. दुवा बाहेर गेला की कोणीही लिहू शकते. काम संपले की .ईथरपॅड या स्वरूपात उतरवून ठेवा, त्यात पूर्ण इतिहास राहतो. एचटीएमएल किंवा साध्या मजकुरात तो जातो.

व्हिडिओ वर्ग बिगब्लूबटनवर असेल तर सगळ्यांचे कॅमेरे चालू ठेवू देऊ नका. २५ जणांनी कॅमेरे लावले की सर्व्हरवर २५ × २५ = ६२५ प्रवाह होतात. कॅमेरा फक्त संचालकांना दिसेल असे कुलूप सेटिंगमध्ये लावता येते. यूडीपीचे (आवाज-चित्र वाहून नेण्याची इंटरनेटची एक पद्धत) १६३८४ ते ३२७६८ हे पोर्ट फायरवॉलवर उघडे नसतील तर माणसे दिसतात पण आवाज येत नाही. ज्यांच्याकडे यूडीपी अडलेले आहे त्यांच्यासाठी टर्न सर्व्हर (आवाज-चित्र वेगळ्या वाटेने पोचवणारा मध्यस्थ) लागतोच. आणि मोबाइल डेटावरच्या विद्यार्थ्यांचा विचार करा: १ मेगाबिट प्रति सेकंदाचा प्रवाह तासाला ४५० मेगाबाइट खातो. विकीचे पान त्यापुढे काहीच नाही.

उलटतपासणी:

वेबपीएच्या बाबतीत एक दुरुस्ती जोडतो. स्वतःला गुण देण्याची मुभा काढली (आणि विद्यार्थी तशी मागणी करतातच) तर ५/४ चा गुणक चालत नाही. पाचपैकी एकाने फॉर्म भरला नाही, तर त्याला स्वतःला चौघांकडून गुण येतात आणि फॉर्म भरलेल्यांना तिघांकडूनच. म्हणजे कामचुकाराचाच फायदा. तेव्हा बेरीज न घेता मिळालेल्या अपूर्णांकांची सरासरी घ्या आणि तिला ४ ने गुणा.

फोरमबद्दल: "दोन प्रतिसाद" ही अट मुळात चूक. मोजता येते म्हणून घातलेली अट आहे ती. मूडलमध्ये प्रश्नोत्तर प्रकारचा फोरम आहे. त्यात स्वतःचे उत्तर टाकल्याशिवाय दुसऱ्यांची दिसत नाहीत. उत्तर टाकले तरी संपादनाची मुदत संपेपर्यंत, म्हणजे मूळ सेटिंगप्रमाणे ३० मिनिटे, थांबावे लागते. विद्यार्थ्यांना हे आधी सांगा, नाहीतर "फोरम बिघडला" म्हणून निरोप येत राहतील. तासाच्या आत फोरम वापरायचा असेल तर ही मुदत प्रशासकाकडून कमी करून घ्यावी लागते, आणि ती बदलली की साऱ्या साइटवर बदलते.

प्रश्नही असा हवा की १२० उत्तरे एकसारखी येणार नाहीत. "अमुकचे फायदे-तोटे लिहा" याला पहिले उत्तर आले की बाकीची ११९ निरर्थक. प्रत्येक गटाला वेगळी आकडेवारी, वेगळा उतारा, वेगळे प्रकरण द्या, आणि दुसऱ्या फेरीचे काम म्हणजे दुसऱ्या गटाच्या उत्तरातली एक त्रुटी दाखवणे. तिथे "सहमत" लिहायला जागाच उरत नाही.

उताऱ्याचे वाचन घ्यायचे तर हायपोथिसिससारखे समास-टीपांचे साधन फोरमपेक्षा सरस, कारण चर्चा थेट त्या वाक्यापाशी होते. पीडीएफ नुसते स्कॅन असेल तर मजकूर निवडता येत नाही. आधी ओसीआर करा (चित्रातली अक्षरे मजकुरात बदला). १२० जण एकाच प्रतीवर सोडले तर पहिल्या पानावरची प्रत्येक ओळ पिवळी होते आणि शेवटची चार पाने कोरी राहतात. १०–१२ जणांचे खासगी गट करा, आणि कोणी कोणत्या परिच्छेदांवर लिहायचे ते वाटून द्या.

फळाखडू:

खूप उपयोगी. दोन उपप्रश्न. खर्डे तपासण्याचे काम विद्यार्थ्यांकडूनच करून घेतले तर? आणि वर्गाच्या विकीऐवजी थेट विकिपीडियावर लिहायला लावले तर?

उलटतपासणी:

पहिल्यासाठी मूडलचे "वर्कशॉप" आहे. त्याचे टप्पे पाच: मांडणी, सादरीकरण, परीक्षण, गुणांकन, समाप्ती. मूळ सेटिंगमध्ये कामाला ८० आणि परीक्षणाला २० गुण असतात. एका कामाला ४ परीक्षक ठेवा: १२० कामे, ४८० परीक्षणे, प्रत्येकाच्या वाट्याला चार. तीनपेक्षा खाली जाऊ नका. वर्कशॉप सरासरीच्या सगळ्यात जवळचे परीक्षण सर्वोत्तम धरून त्याला पूर्ण गुण देते, आणि बाकीच्यांचे गुण "त्यापासून किती दूर" यावर काढते. परीक्षक दोनच असतील तर दोघेही सरासरीपासून सारखेच दूर, म्हणून एकाने २ आणि दुसऱ्याने ९ दिले तरी दोघांना पूर्ण गुण.

घोटाळा बहुधा टप्पा बदलताना होतो. परीक्षकांची वाटणी एकदा हाताने केली आणि नंतर उशिराची कामे आली, तर त्यांना परीक्षकच नसतात. "नियोजित वाटणी" निवडा आणि मुदत संपताच पुढच्या टप्प्यात जाण्याचे सेटिंग चालू करा. निकषही मोजके ठेवा, चार-पाच. दहा निकषांचे रुब्रिक (गुणांकनाचा तक्ता) कोणी वाचत नाही, सगळीकडे मधला रकाना भरतात.

समासटिप्पण:

विकिपीडियावर लिहिण्याचे काम चांगले आहे, पण पहिल्या तासालाच फसते. एकाच आयपी पत्त्यावरून दिवसाला ६ च नवी खाती उघडता येतात. संगणककक्षातले सगळे बाहेरून एकाच पत्त्यावरून दिसतात, म्हणजे सातव्याला खाते मिळत नाही. आठवडाभर आधी आपापल्या जोडणीवरून खाती उघडायला सांगा. गटाचे सामायिक खाते तिथे चालत नाही. एक खाते, एक माणूस. इंग्रजी विकिपीडियावर स्वयंनिश्चित (आपोआप जास्त अधिकार मिळालेला) सदस्य व्हायला ४ दिवस आणि १० संपादने लागतात, त्याआधी थेट नवा लेख उघडता येत नाही. तसाही खर्डा धूळपाटीवरच (सरावाच्या पानावरच) हवा.

गुण मात्र धूळपाटीवरच्या कामाला आणि संदर्भांच्या दर्जाला द्या, "लेख टिकला का" याला नाही. दुसऱ्या संपादकाने परिच्छेद काढला तर ते विद्यार्थ्याच्या हातात नसते. कॉपी-पेस्ट तिथे लगेच उडते, आणि वारंवार केली तर खात्यावर बंदी येते. कोणी काय जोडले हे पाहायला प्रोग्रॅम्स अँड इव्हेंट्स डॅशबोर्ड हे साधन आहे. सगळ्यांना कोर्सच्या दुव्यावरून त्यात जोडून घ्या. विद्यार्थ्याने खऱ्या नावाने खाते उघडावे अशी सक्ती करू नका. तिथला इतिहास कायम सार्वजनिक राहतो.

सर्व्हरवाला:

व्याख्यानाच्या तासात कौल घेणार असाल तर हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ एरिक माझूर यांची पद्धत वापरा: प्रश्न, दीड-दोन मिनिटांत एकट्याने उत्तर, मग शेजाऱ्याशी चर्चा, मग पुन्हा मत. पहिल्या फेरीत ३० ते ७० टक्के बरोबर असतील तरच चर्चेला अर्थ. त्याखाली असेल तर पुन्हा शिकवा, वर असेल तर पुढे चला. पहिल्या फेरीचा आलेख पडद्यावर दाखवू नका. बहुतेक साधनांत तो आपोआप दिसतो, ते आधी बंद करा. नाहीतर दुसऱ्या फेरीत सगळे उंच खांबाकडे सरकतात आणि चर्चा राहून जाते.

आणखी एक. हीच विकी पुढच्या वर्षी चालू ठेवायची असेल तर कोर्सचा बॅकअप घेताना "नोंदणीकृत वापरकर्ते" ही खूण काढू नका. मूडलच्या दृष्टीने विकीतली पाने हा वापरकर्त्यांचा डेटा आहे. खूण काढली तर नव्या कोर्समध्ये विकीचा सांगाडा येतो, आत पाने नसतात. कोर्स "रीसेट" करतानाही विकीची पाने पुसण्याचा पर्याय असतो, तो तपासूनच पुढे जा. जुन्या विद्यार्थ्यांची नावे नव्या तुकडीला दिसू नयेत असे वाटत असेल तर बॅकअपमध्ये नावे लपवण्याचा पर्याय आहे, पण तो वापरायला प्रशासकाची परवानगी लागते. सत्र संपायच्या आत मागून ठेवा.