कोंब आलेल्या बटाट्यांचं काय करायचं?

(सोसायटीचा ग्रुप, शनिवार)

सेक्रेटरी: गेटजवळच्या तीन रिकाम्या कुंड्या कोणाच्या आहेत? उद्या रंगारी येणार. संध्याकाळपर्यंत उचलाव्यात ही विनंती.

१०३ आजोबा: सुप्रभात.

२०४: एक बावळट प्रश्न विचारतो. थंडीत आणलेले बटाटे ओट्याखाली राहून गेले. ऊन वाढलं तसे सगळ्यांना कोंब फुटलेत. दोनतीन हिरवे पण दिसतायत. टाकून देऊ का? शिवाय आज सकाळी दोन किलो मटार घेतला, हावरटपणा. फ्रीजमध्ये पालक, पुदिना, पाल्यासकट मुळे, गाजरं, अर्धा ब्रेड आणि परवाचा भात आहे. आज सगळं साफ करून टाकायचंय.

३०२ काकू: साफ म्हणजे पोटात की कचऱ्यात?

२०४: काकू, तेच तर विचारतोय.

३०२ काकू: बटाटा हातात घे आणि दाब. घट्ट असेल आणि कोंब नखाएवढेच असतील तर कोंब डोळ्यासकट खोल कोरून काढ, साल काढ, वापर. मऊ पडलाय, सुरकुतलाय, तर सोडून दे.

४०१: आणि हिरवे वेगळे काढ रे. हिरवा रंग म्हणजे नुसतं हरितद्रव्य, ते काही वाईट नाही. पण बटाट्यावर उजेड पडला की त्याच वेळी सोलानिनसारखी विषारी द्रव्यंही वाढतात, म्हणून हिरवा रंग ही धोक्याची खूण. ती उकळून जात नाहीत. एखादा छोटा डाग असेल तर जाड साल काढून चालेल, पण बराच हिरवा असेल किंवा चव कडवट लागली तर सरळ फेकायचा.

२०४: ओट्याखाली तर अंधार असतो ना ताई?

३०२ काकू: तुझ्या ओट्याला दार आहे का?

२०४: नाही.

३०२ काकू: मग? कागदी पिशवीत किंवा पोत्यात ठेवायचे, गार जागी, वारा लागेल असे. प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून नाही, घाम येतो त्यांना. आणि कांदे लांब ठेव. कांद्याला कोरडं लागतं, बटाट्याला तेवढं कोरडं सोसत नाही. एका टोपलीत दोघांचाही संसार नासतो.

सेक्रेटरी: हा ग्रुप सूचनांसाठी आहे. कुंड्यांबद्दल कोणी बोललं नाही अजून.

५०२: सेक्रेटरीसाहेब, बोलू द्या हो. माझ्याकडेही बटाटे तसेच आहेत.

३०२ काकू: आता बाकीचं. हे बघ, भाजी घरात आली त्या क्रमाने शिजवायची नाही, मरायला टेकलीये त्या क्रमाने शिजवायची. तुझ्याकडचं आजचं गिऱ्हाईक म्हणजे पालक, पुदिना, मुळ्याचा पाला आणि मटार. गाजर-मुळा आठवडाभर कुठे जात नाहीत, फक्त पाला आत्ताच्या आत्ता कापून वेगळा कर. पाला अंगावर ठेवलास की तो खालच्या मुळातलं पाणी ओढतो आणि दोन दिवसांत गाजर रबरासारखं वाकतं. बटाटे त्यानंतर. कांदा सगळ्यात शेवटी.

२०४: मटार पण आज? तो तर टिकतो ना?

४०१: दिसायला टिकतो. पण तोडल्यापासून त्यातल्या साखरेचं पिठात रूपांतर व्हायला लागतं. गारव्यात सावकाश, उष्ण हवेत भराभर. वसंतातला कोवळा मटार गोड लागतो तो त्या साखरेमुळे. चार दिवसांनी तोच मटार पिठूळ.

३०२ काकू: दोन किलोतले निम्मे आज खा, निम्मे ठेव. उकळत्या पाण्यात दाणे दीड मिनिट टाकायचे, उपसून लगेच बर्फाच्या पाण्यात, निथळून, पुसून, ताटात पसरून फ्रीझरमध्ये. कडक झाले की पिशवीत भर. एकदम पिशवीत भरलेस तर वीट होते, मग हातोडी शोधत बसतोस.

१०३ आजोबा: कच्चे ठेवले तर काय बिघडतं? उगाच गॅस जाळायचा.

४०१: आजोबा, दाण्यातली विकरं, म्हणजे एन्झाइम, गारठ्यात पूर्ण थांबत नाहीत, मंद चालूच राहतात. रंग जातो, वास बदलतो. दीड मिनिटात ती निकामी होतात. पंधरा दिवसांत संपवणार असाल तर कच्चेही चालतील.

३०२ काकू: टरफलं टाकू नकोस. आता कोणी हसायचं नाही. टरफलं धुऊन, दोरे-देठ काढून, बुडतील एवढ्या पाण्यात मुळ्याच्या पाल्याचे देठ, गाजराची टोकं आणि पुदिन्याच्या काड्यांबरोबर अर्धा तास मंद उकळ. गाळून घे. ते पाणी गोडसर हिरवट होतं. टरफल तसंच खाता येत नाही, आतला कागदासारखा पापुद्रा दाताखाली येतो, पण चव तर निघाली. दोन किलो शेंगांत निम्मं वजन टरफलांचंच असतं, त्याचेही पैसे मोजलेत तू.

५०२: मग त्या पाण्याचं काय करायचं काकू? मी मागे केलं होतं, फ्रीजमध्ये वास मारत राहिलं.

३०२ काकू: करून ठेवायचंच नाही, त्याच दिवशी वापरायचं. सूप कर. एक कांदा तेलात किंवा लोण्यात मऊ होईपर्यंत परत, लाल करायचा नाही. तुझ्या वाचलेल्या बटाट्यांतला एक बारीक चिरून घाल, तोच दाटपणा देतो, वेगळं पीठ-बीठ नको. वर ते पाणी. बटाटा शिजला की वाटीभर मटार घाल. मटार तीनचार मिनिटांत होतो. मग पालक आणि मुळ्याचा कोवळा पाला, तो एका मिनिटात बसतो. ढीगभर पालक बघून घाबरू नकोस, सगळं पाणीच असतं, मूठभर उरतो. पुदिन्याची पानं गॅस बंद केल्यावर. घुसळ. लिंबू ताटात वाढताना.

२०४: लिंबू शेवटीच का?

३०२ काकू: आधी पिळून बघ एकदा.

४०१: आंबटामुळे हरितद्रव्याचा रंग शेवाळी पडतो. भाज्यांमधूनही आम्ल बाहेर पडतं, म्हणून हिरवी भाजी थोडाच वेळ आणि झाकण न ठेवता शिजवतात, काही आम्ल वाफेबरोबर निघून जातं.

५०२: मी चिमूटभर खाण्याचा सोडा घालते. रंग मस्त राहतो.

४०१: रंग राहतो, पण भाजीचा लगदा होतो आणि काही जीवनसत्त्वंही जातात.

५०२: हं. लगदा होतो खरा. मला वाटायचं माझ्या कुकरचा दोष.

१०३ आजोबा: गॅसवर माझे दोन शब्द. पाण्याला उकळी फुटल्यावर आच मोठी ठेवून भाजी लवकर शिजत नाही. उकळतं पाणी १०० अंशांवरच राहतं, जास्तीची आच नुसती वाफ करते. उकळी येईपर्यंत झाकण आणि मोठी आच, मग बारीक. कुकरलाही तेच. शिट्टी म्हणजे जास्तीची वाफ बाहेर पडली एवढंच. पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक केली तरी आत दाब राहतोच. आमच्या शेजारी कोणीतरी सात-सात शिट्ट्या देतं, मी मोजतो.

५०२: आजोबा, मी तुमच्या शेजारी राहत नाही, नाहीतर मलाच लागलं असतं.

१०३ आजोबा: महायुद्धांच्या काळात इंधन वाचवायला लोक उकळतं पातेलं गवत भरलेल्या खोक्यात झाकून ठेवायचे, काही तासांत अन्न आपोआप शिजायचं. मी जाड पांघरुणात गुंडाळून भात करतो. पाच मिनिटं उकळायचा, मग गॅस बंद. हिने पांघरूण वेगळं ठेवायला सांगितलंय एवढंच.

२०४: आजोबा, भातावरून आठवलं. परवाचा भात. परतून घेऊ?

४०१: शिजवल्यावर कुठे होता?

२०४: रात्री टेबलावर. विसरलो. सकाळी फ्रीजमध्ये ठेवला.

४०१: मग टाक.

१०३ आजोबा: आम्ही जन्मभर शिळा भात खाल्ला. काही झालं नाही.

४०१: आजोबा, मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, माझं ऐका. भातात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. ते उकळूनही मरत नाहीत. भात रात्रभर बाहेर राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष तयार करतात. उलट्या करवणारं त्यातलं विष उष्णतेने मोडत नाही, त्यामुळे कितीही खरपूस परतलं तरी उपयोग नाही. भात उरला तर ताटात पसरून तासाभरात गार करायचा, लगेच फ्रीजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी वाफा येईपर्यंत एकदाच गरम करून संपवायचा.

३०२ काकू: टाक रे. माझा जीव तुटतोय लिहिताना, पण टाक. आणि पुढच्या वेळी कमी लाव. तांदूळ शिजून जवळजवळ तिप्पट होतो, तुम्ही मुलं कच्चा बघून ‘एवढासाच’ म्हणता.

२०४: टाकला. ब्रेडचं सांगा, कडक झालाय. एका स्लाइसला कोपऱ्यात हिरवी बुरशी. कोपरा कापू?

४०१: नाही. ब्रेड सच्छिद्र, बुरशीचे तंतू न दिसता आतवर गेलेले असतात. एकाच पिशवीत होता ना? सगळाच टाक. वास घेऊन पण बघू नकोस.

३०२ काकू: बिनबुरशीचा नुसता कडक असता तर गोष्ट वेगळी होती. भाजून, चुरून सूपवर टाकता आला असता. ब्रेड फ्रीजमध्ये ठेवला की बाहेरपेक्षा लवकर शिळा होतो, हे बऱ्याच जणांना पटत नाही. एकतर बाहेर दोन दिवस, नाहीतर स्लाइस करून थेट फ्रीझर.

५०२: फ्रीज रिकामा झालाच आहे तर धुऊन घे. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र कर, फसफसलं की पुस. माझी खात्रीची युक्ती.

४०१: वहिनी, फसफसतं म्हणजे दोघं एकमेकांना संपवतात. मागे उरतं बरंचसं पाणी आणि थोडा क्षार. सोडा वेगळा वापरा, घासायला आणि वासाला. व्हिनेगर वेगळं, किटलीतल्या पांढऱ्या थरासाठी. आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर कधीच घालू नका, क्लोरीन वायू सुटतो.

५०२: आज माझा दिवसच नाही.

सेक्रेटरी: कुंड्या. तिसऱ्यांदा विचारतोय.

(संध्याकाळी)

२०४: अहवाल. अकरा बटाट्यांतले तीन कचऱ्यात, सहा ठेवले, एक सूपमध्ये. सूप झालं, पालक जरा जास्त शिजला पण रंग राहिला. मटाराची ताटली फ्रीझरमध्ये आहे. गाजराचं काय करायचं ते मंगळवारी विचारतो.

३०२ काकू: तीन, सहा, एक. दहा झाले.

२०४: अकराव्याला भलेमोठे कोंब होते. दोन तुकडे करून कुंडीत पुरला. कोंब वर करून, चार बोटं खोल. बरोबर ना?

३०२ काकू: बरोबर. रोप वाढेल तशी बुडाशी माती चढवत राहा, नाहीतर नवे बटाटे उघडे पडून तेही हिरवे होतील. पाला खायचा नाही बरं का, तुझा भरवसा नाही. तीनेक महिने लागतील.

सेक्रेटरी: कोणत्या कुंडीत?

२०४: गेटजवळच्या. दोन दिवस रिकाम्याच दिसत होत्या.

सेक्रेटरी: मी सकाळपासून काय विचारतोय?

३०२ काकू: जिन्याखाली हलवा हो. वर कोंब येईपर्यंत त्यांना उजेडाची गरज नाही. रंगारी जाईपर्यंत राहतील अंधारात.

१०३ आजोबा: पण कुंड्या आहेत कोणाच्या?

सेक्रेटरी: आत्ता घरात विचारलं. आमच्याच आहेत.