मदत हवी आहे: पणजीत फोंतेन्हासला जुन्या घरातल्या हॉटेलात आईला घेऊन राहता येईल का?

नमस्कार मंडळी, ऑगस्टच्या शेवटी आई आणि मी गोव्याला चाललोय, बीच वगैरे नकोच आहे, तिला पणजी नीट बघायचीय म्हणून फोंतेन्हास या तिथल्या जुन्या वस्तीतल्या एखाद्या जुन्या पोर्तुगीज घराच्या छोट्या हॉटेलात राहायचं डोक्यात आहे. फोटोत सगळं भारी दिसतं, पिवळ्या-निळ्या भिंती, शिंपल्यांच्या खिडक्या, चार खांबी पलंग, पण आईचे गुडघे बघता माझी खरी काळजी जिन्याची आहे, कारण ही घरं बहुतेक दुमजली, लिफ्ट जवळजवळ नाहीच आणि लाकडी जिने चांगलेच उभे असतात असं ऐकलंय. तळमजल्यावर खोली मिळते का? मिळाली तर पावसात ओल, कुबट वास किती येतो? आणि वरच्या मजल्याची लाकडी जमीन रात्रभर करकरते का?

दुसरं, गाडी कुठे लावायची? गल्ल्या अरुंद आहेत आणि तिथल्या ‘३१ जानेवारी’ नावाच्या रस्त्यावर जागा मिळेल असं वाटत नाही. की करमळीला ट्रेनने उतरून टॅक्सीच करू?

सकाळपासून फोटोशूटवाल्यांची गर्दी असते म्हणे, तिथे लोक राहतात हो, भिंतीला टेकून पोज कसले देता! असो. आईला सेंट सेबॅस्टियन चॅपेलमधला जुन्या गोव्याच्या इन्क्विझिशनच्या (पोर्तुगीज काळातल्या चर्चच्या धर्मन्यायालयाच्या) वाड्यातून आणलेला क्रूस बघायचाय, तर चॅपेल कधी उघडं असतं तेही सांगा.

वेबसाइटवरचे रिव्ह्यू नकोत, स्वतः राहिलेल्यांनीच लिहा प्लीज. बजेट रात्रीला ५००० पर्यंत, नाश्त्यासकट.