अ टेल ऑफ टू सिस्टर्स: लोककथेतला न्यायाधीश

कोरियन दिग्दर्शक किम जी-वूनच्या ‘अ टेल ऑफ टू सिस्टर्स’ या २००३ सालच्या भयपटात भूत नाहीच, सारे काही दोन बहिणींपैकी थोरल्या सू-मीच्या मनाचे खेळ आहेत, असे एक मत आहे. ते बऱ्याच अंशी पटते, पण जेवणाच्या प्रसंगाचे काय? तिथे सावत्र आईच्या भावजयीला झटका येतो आणि परतताना गाडीत ती नवऱ्याला सांगते की सिंकखाली एक मुलगी होती. सू-मीच्या मनाशी या भावजयीचा काहीच संबंध नाही.

या मतात न आलेली गोष्ट म्हणजे चित्रपटामागची कोरियातील जोसन राजवटीच्या काळातील लोककथा. तिच्यात सावत्र आई सोललेला उंदीर थोरल्या मुलीच्या अंथरुणात ठेवून तिच्यावर गर्भपाताचा आळ घेते आणि तिला तळ्यात बुडवून मारवते. धाकटीही तिच्यामागोमाग जीव देते. मग दोघींची भुते न्याय मागायला नव्या न्यायाधिकाऱ्याकडे जातात, पण एकामागून एक अधिकारी भीतीनेच मरतात. अखेर एक धीट अधिकारी त्यांचे म्हणणे ऐकून घेतो. चित्रपटात त्या अधिकाऱ्याच्या जागी सुरुवातीलाच मनोरुग्णालयातील डॉक्टर बसलेला दिसतो. तो त्या दिवशी काय घडले ते विचारतो आणि सू-मी मान खाली घालून गप्प राहते. ऐकणारा समोर असूनही तक्रार सांगितली जात नाही, हा बदल मला चित्रपटातल्या कपाटाच्या भयंकर दृश्यापेक्षाही अधिक अस्वस्थ करतो.